आंबट द्राक्षांचं कालवण

मण्यात पाणी उतरण्याआधीचं द्राक्ष बाजारात कुणी विचारत नाही. आमच्या दिंडोरी तालुक्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, मग फुलोरा, मग विरळणी. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया कात्र्या घेऊन वेलींखाली उभ्या राहतात, घड मोकळे करतात आणि कापलेले हिरवे मणी मातीत मिसळून जातात. पुढे मणी भरतो, पण अजून टणक असतो, दाताखाली धरला तर डोळे मिटायला लावतो. वणीत हे दिवस पिकाची राखण करण्याचे. आमच्या घरात मात्र ते एका कालवणाचेही आहेत. मटण, वांगी, टोमॅटो आणि वाटीभर हिरवी आंबट द्राक्षं. हे कालवण मूळचं वणीचं नाही, नाशिकचंही नाही. इराणातल्या यझदहून ते देवळालीला आलं आणि देवळालीहून माझ्या आजीच्या हातून वणीला.

आजीचं माहेर देवळाली कॅम्प. लष्कराची छावणी, स्वच्छ कोरडी हवा, मुंबईहून हवापालटाला येणाऱ्या पारशांच्या सॅनिटोरियमच्या इमारती आणि या सगळ्यांना पाव, बिस्किटं, चहा पुरवणारी दुकानं, असं ते गाव. माझी पणजी तिथल्या एका इराणी कुटुंबात कामाला होती. पुढे रस्त्याला बेकरी आणि चहाची टेबलं, मागे राहतं घर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. छावणीत सैनिकांची गर्दी, बेकरीला उसंत नाही. त्यामुळे घरातली सगळी कामं पणजीवर आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या माझ्या लहानग्या आजीवर. घरात एक म्हातारी शेठाणी होती. गुडघ्यांमुळे तिला फार हिंडता येत नसे. ती पाटावर बसून पालेभाजी निवडायची आणि समोर बसलेल्या पोरीला निवडायला लावायची. निवडता निवडता बोलायची. तिची भाषा दरी, म्हणजे यझद-केरमानच्या जरथुश्त्री लोकांची घरातली बोली. बाहेरच्यांशी ती मोडक्या गुजराती-हिंदीत बोले. आजीला त्यातलं जेवढं कळलं, तेवढं तिने जन्मभर जपलं.

शेठाणीच्या गोष्टींत देवधर्म कमी आणि वाटचाल जास्त असायची. वाळवंटाच्या कडेचं गाव, मातीच्या भिंती, वारा पकडून घरात उतरवणारे उंच मनोरे, डोंगरापासून जमिनीखालून कोसन् कोस आणलेलं पाणी. आणि बाजारात गेलं तर फळाला हात लावायचा नाही, कारण जरथुश्त्र्याच्या स्पर्शाने फळ विटाळतं असं समजलं जाई. घोड्यावर बसायचं नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत, नवं घर मुसलमान शेजाऱ्याच्या घरापेक्षा उंच बांधायचं नाही. शेठाणीने यातलं काही स्वतः सोसलं होतं, बरंचसं आईकडून ऐकलं होतं. हे ऐकताना माझी पणजी म्हणायची, "म्हणजे आपल्यासारखंच की." गावकुसाबाहेरच्या घरातून आलेल्या त्या बाईला शिवाशिवीचा इतिहास कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दोघींमध्ये मालकीण आणि मोलकरीण यांच्यापलीकडचं जे काही होतं, ते या एका वाक्यातून आलं असं आजी सांगायची.

पुढे वाचन वाढल्यावर शेठाणीच्या गोष्टींना मला सनावळ्या सापडल्या. हिंदुस्थानातल्या पारशांनी इराणातल्या आपल्या धर्मबांधवांची दशा सुधारण्यासाठी एक संस्था काढली आणि १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हाटारिया यांना तिकडे पाठवलं. सुरतेजवळ वाढलेल्या या माणसाने उरलेलं बहुतेक आयुष्य त्या कामात घालवलं. शाळा काढल्या, मोडकी अग्निमंदिरं दुरुस्त केली आणि शहाच्या दरबारात खेटे घातले. अखेर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जरथुश्त्र्यांवरचा जिझिया कर रद्द केला. दरम्यान १८७०-७२ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता. जिझिया गेला तरी गरिबी राहिली, अपमानही लगेच गेले नाहीत. माणसं बाहेर पडत राहिली. काफिल्याबरोबर बंदर अब्बास, तिथून जहाजाने मुंबई. हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेले ते पारशी. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आलेले हे इराणी. धर्म एकच, पण ताट निराळं. पारशांच्या ताटात तोवर गुजरात पुरता मुरला होता. धनसाक, पात्रानी मच्छी, खोबरं, चिंच, मिरची. इराण्यांच्या घरात अजून यझदच शिजत होतं.

हे आलेले लोक मुंबईत, पुण्यात, नाशकात, नगरकडे पसरले, काहींनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या उभ्या केल्या, पण आपण ओळखतो ते त्यांच्या हॉटेलांमुळे. मुंबईतलं कयानी १९०४ चं, ससानियन १९१३ चं, ब्रिटानिया १९२३ चं; पुण्याचं गुडलक १९३५ चं. त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झालं. संगमरवरी टेबलं, वळणदार लाकडी खुर्च्या, बनमस्का, ब्रून, खारी, मावा केक. पण या यादीकडे नीट पाहावं. तिच्यात इराणी घरात रोज शिजणारा एकही पदार्थ नाही. हॉटेलात गिऱ्हाइकाला परवडेल आणि आवडेल ते विकलं जाई. शेठ आणि त्याची मुलं मागच्या खोलीत जे जेवत, ते पुढे टेबलावर कधी आलं नाही. ब्रिटानियातला बेरी पुलाव हा ठळक अपवाद. झेरेश्कची आंबट फळं घातलेला तो भात मालकांच्या पत्नीने इराणात राहून आल्यावर सुरू केला. म्हणजे तोही घरातल्या बाईच्याच हातून आला. बाकीचं स्वयंपाकघर भिंतीआड राहिलं. तिथे ते कुणी पाहिलं असेल, तर माझ्या पणजीसारख्या बायांनी.

त्या घरात सगळ्यात जास्त वेळ जाई तो पाल्याला. घोर्मे सब्जी नावाचं कालवण असायचं, आजी त्याला 'काळी भाजी' म्हणायची. इराणात त्यात पार्सली, कोथिंबीर, लसणाच्या पातीसारखी एक पात आणि थोडी मेथी पडते. देवळालीत पार्सली कुठून येणार? शेठाणीने कोथिंबीर वाढवली, पालक घेतला, कांद्याची पात घेतली, मेथी मात्र चिमटीने मोजून. जास्त झाली की कडू. पाला धुवून, फडक्यावर पूर्ण कोरडा करून बारीक चिरायचा आणि तेलात मंद आचेवर परतत राहायचं. हिरवा रंग जाऊन काळपट होईपर्यंत, घरभर वास सुटेपर्यंत. "जाळायचा नाही, काळा करायचा," हा आजीचा मंत्र होता, आणि या दोहोंमधलं अंतर ती नाकाने मोजायची. मग परतलेलं मटण, भिजवलेला राजमा आणि वाळवलेली लिंबं. लहान कागदी लिंबं मिठाच्या पाण्यात उकळायची आणि कडक उन्हात ठेवायची. ती हळूहळू तपकिरी होतात, आतून काळी पडतात, हाताला हलकी लागतात. कालवणात टाकताना टोचून टाकायची. वणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती उत्तम वाळतात. आमच्या गच्चीवर दरवर्षी पापड-कुरडयांच्या शेजारी लिंबांचं एक ताट असतंच.

दुसरा पदार्थ आश. हरभरे, मसूर, राजमा, ढीगभर पाला आणि गव्हाच्या पिठाच्या शेवया घातलेलं दाट कढण. वर तळलेला कांदा आणि तेलात क्षणभर फुलवलेला वाळका पुदिना. इराणात त्यावर वाळवलेल्या दह्याची आंबट पेस्ट घालतात, शेठाणीने तिथे चक्का आणला. जरथुश्त्र्यांच्या वर्षात गहंबार नावाचे सहा ऋतुसण असतात. त्या दिवशी प्रार्थना, सुक्या मेव्याचा प्रसाद, तेलात तळलेली सिरोग नावाची पोळी आणि सगळ्यांनी मिळून जेवणं. गहंबाराचं अन्न वाटून खायचं, राजा आणि रंक एकाच पातेल्यातलं खातात, हा त्याचा नियम. देवळालीच्या त्या घरात पणजीला आणि आजीला आश त्याच पातेल्यातून, त्याच पळीने वाढली जायची. मला हा नियम पुस्तकात वाचून कळण्याआधी आजीच्या तोंडून कळला होता. ज्यांच्या हाताचा विटाळ मानला गेला, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाताचा विटाळ मानला नाही. माझ्या मते त्या स्वयंपाकघराची ही सर्वांत मोठी चव आहे.

भाताची गोष्ट वेगळी. १९४३ पासून मुंबई इलाख्यात रेशनिंग आलं आणि चांगला तांदूळ दुर्मीळ झाला. इराणी भात लांब, जुन्या तांदळाचा. मिठाच्या पाण्यात भिजवायचा, भरपूर पाण्यात अर्धा कच्चा उकळून निथळायचा. पातेल्यात तेल-तूप तापवून तळाला बटाट्याच्या चकत्या किंवा पातळ रोटी लावायची, तिच्यावर भाताचा डोंगर रचायचा, उलथन्याच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडायची, झाकणाला फडकं गुंडाळून घट्ट बसवायचं आणि मंद आचेवर पाऊण तास विसरून जायचं. फडकं वाफ शोषून घेतं, भात मोकळा राहतो आणि तळाला सोनेरी कुरकुरीत थर धरतो. त्याला ताहदीग म्हणतात. पाहुणा आला की पहिला तुकडा त्याचा. रेशनच्या जाड्या तांदळाला हे जमत नव्हतं. तेव्हा शेठाणी कास्पियन समुद्राकडच्या लोकांसारखा कते करू लागली. निथळण नाही, बेताच्या पाण्यात आटवलेला, मऊ, एकजीव भात. आज आम्ही इगतपुरीचा इंद्रायणी आणतो. त्याचा कते इतका सुरेख होतो की मोकळ्या भातासाठी मुद्दाम बासमती आणावा असं दर वेळी वाटत नाही.

लग्न होऊन आजी वणीला आली. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं गाव, बाजरी-नागलीचं खाणं, सासरी माणसं पुष्कळ आणि मटण सणासुदीलाच. केशर, गुलाबपाणी, अक्रोड हे शब्दसुद्धा या घराने ऐकले नव्हते. नव्या सुनेने सासरच्या चुलीवर परक्यांचं काही रांधायचं, हे तेव्हा सोपं नव्हतं. तिने हुशारीने सुरुवात आबगूश्तने केली. मटण, हरभरे, बटाटे, कांदा, हळद आणि वाळकं लिंबू एका मडक्यात घालून निखाऱ्यांवर सकाळपासून ठेवायचं. जेवताना रस्सा वेगळा काढायचा आणि त्यात भाकरी कुस्करायची. उरलेलं मटण-हरभरे लाकडी बत्त्याने तिथेच ठेचून गोळा करायचे आणि कच्च्या कांद्याबरोबर खायचे. थोडक्या मटणात दहा माणसं जेवतात, हे सासूच्या लगेच लक्षात आलं. काळा मसाला नाही, खोबरं नाही, तिखट जवळजवळ नाही, तरी माणसं बोटं चाटत उठली. त्यानंतर आजीला कुणी अडवलं नाही. चैत्रात मात्र घरात मटण नसे. खानदेशातून पायी निघालेल्या दिंड्या गावातून गडाकडे जात असत आणि त्या दिवसांत आजी आश करायची. जमशेदी नवरोज २१ मार्चला येतो, त्याच सुमाराला बहुधा आपला पाडवा. शेठाणीचं नवं वर्ष आणि आमचं नवं वर्ष असं आमच्या घरात एकाच महिन्यात साजरं होत आलं.

द्राक्षं वणीत इतक्या जोमाने आली ती फार नंतर, ओझरखेड धरणाचं पाणी फिरल्यावर. पण दख्खनला द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तिथल्या द्राक्षमळ्यांची आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या डाळिंबांची त्याने नोंद करून ठेवली. नाशिककडे थॉमसन सीडलेस येण्याआधी भोकरी जातीची द्राक्षं असत. आजीने परसात मांडवावर एक वेल चढवली आणि देवळालीत बहुतेक ऐकलेलाच पदार्थ पहिल्यांदा मनासारखा केला. शेठाणी सांगायची, यझदला हिरवी द्राक्षं घोरे म्हणून कालवणात पडतात, लिंबापेक्षा त्यांचा आंबटपणा गोल असतो. देवळालीत ती तिला क्वचितच मिळाली. वणीत आजीला हवी तेवढी मिळाली.

हे कालवण असं. लांब जांभळी वांगी सोलून उभी चिरावी, मीठ लावून पाणी सुटू द्यावं, पुसून तेलात सोनेरी तळून बाजूला ठेवावीत. कांदा लालसर परतून त्यात हळद, मिरपूड आणि मटण घालावं. मटणाचा रंग बदलला की टोमॅटो चिरून घालावेत, गरम पाणी ओतून मऊ शिजवावं. रस्सा आटत आला की वर वांगी पसरावीत, त्यांच्यावर हिरवी द्राक्षं टाकावीत आणि झाकण ठेवून अर्धा तास मंद आचेवर सोडून द्यावं. यानंतर ढवळायचं नाही, नाहीतर वांगी मोडतात. तेल वर येतं, द्राक्षं फुटून रस उतरतो. मटण नको असेल तर हरभऱ्याच्या डाळीवरही ते तितकंच चांगलं होतं. हंगामात थोडी द्राक्षं मिठाच्या पाण्यात बरणीत भरून ठेवली की वर्षभर पुरतात. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बागेतल्या घडांवर औषधांच्या फवारण्या असतात. म्हणून या कालवणासाठी फवारणी न केलेल्या वेलीचीच द्राक्षं घ्यावीत.

पानांचंही तसंच. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की कोवळी, तळहाताएवढी पानं फुटतात. ती मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, त्यांत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, खिमा आणि पाला यांचं सारण भरून घट्ट गुंडाळतात आणि साखर-व्हिनेगरच्या आंबटगोड पाण्यात शिजवतात. हे दोल्मे. सटाण्याकडची डाळिंबं आली की त्यांचा रस काढून तो मधासारखा दाट होईपर्यंत आटवतो. अक्रोड बारीक वाटून त्या रसात तासन् तास शिजवला की फेसेंजान होतं. ते वर्षातून एखाद्या वेळीच, कारण अक्रोड महाग. भगवा डाळिंब गोड असल्यामुळे त्यात लिंबाचा रस लागतो. द्राक्ष, डाळिंब, मेथी, कोथिंबीर, कांदा, टोमॅटो, वांगी. वणीपासून सटाण्यापर्यंतच्या पट्ट्यात जे पिकतं, तेच यझदच्या ताटात पडतं. त्या स्वयंपाकाला लागणारी जवळजवळ सगळी सामग्री आपल्या शिवारात आहे. नाहीत ती फक्त माहीतगार माणसं.

आणि ती वेगाने कमी होत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या पारशांची संख्या ५७,२६४ भरली. यझदी घरातला स्वयंपाक करणारी कुटुंबं त्याहून कितीतरी थोडी. त्यांतली पुढची पिढी मुंबईच्या फ्लॅटमध्ये, कॅनडा-ऑस्ट्रेलियात आहे. देवळालीचं ते कुटुंबही केव्हाच विखुरलं. शेठाणीच्या नातसुनांना ती काळी भाजी येत असेलच असं नाही. वणीतल्या एका मराठी घरात मात्र ती आजही होते. इराणी पुरुषांनी उभ्या केलेल्या हॉटेलांची छायाचित्रं निघाली, लेख झाले. त्यांच्या घरातल्या बायांनी आणि त्यांच्या हाताखालच्या बायांनी टिकवलेल्या चुलीची नोंद कुणी केली नाही. माझ्या पणजीचं नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. पण इराणातून आलेल्या माणसांनी महाराष्ट्रात काय खाल्लं, याची साक्ष द्यायची झाली तर तिच्यासारख्यांनाच बोलवावं लागेल.

म्हणून सांगते. देवळाली, पुणे, पाचगणी, डहाणू, नगर, जिथे जिथे इराणी आणि पारशी घरं होती, तिथे तिथे आपल्या आज्या, मावश्या, आत्या कामाला होत्या. त्यांच्यापैकी ज्या हयात आहेत त्यांच्याजवळ बसा. त्या मुठीने, चिमटीने, नजरेने मोजतात. ती मूठ काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. कोणत्या गावात, कोणाच्या चुलीवर शिकलात, शिकवणारी बाई कुठून आली होती, हेही विचारा आणि तेही लिहा. मग तो पदार्थ स्वतः रांधा, मुलांना वाढा. आज विचारलं तर उत्तर देणारी माणसं अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी ती नसतील.